दुसरं पाणी

तिनं पहिलं पाणी ओतून टाकलं आणि माझा हात पुढं गेला. म्हणजे ठरवून नाही, आपण दूध उतू जाताना कसा हात घालतो, तसा आपोआप. समोर जाळीचा लाकडी ट्रे, त्यावर झाकणाची छोटी पांढरी वाटी, तीन इवलेसे कप आणि ट्रेच्या कोपऱ्यात मातीचा एक बेडूक. बाईनं वाटीत कोरडी पानं भरली, उकळतं पाणी वरून गोल फिरवत ओतलं, झाकण ठेवलं, आणि मी मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत तो सगळा सोनेरी चहा कपांवरून, बेडकावरून, ट्रेच्या फटींतून खाली सोडून दिला. वास असा आला होता की लग्नघरात शिरल्यासारखं वाटावं, आणि तो वासाचा चहा माझ्यासमोर खालच्या बादलीत चालला होता. माझी दोन बोटं त्या धारेखाली गेली, पोळली, आणि टेबलावरचं सगळं एकदम थांबलं. बाई थांबली, आमची दुभाषी मुलगी थांबली, दाराशी निवडत बसलेल्या आजीनंही मान वर केली.

बाई हसली नाही. एक ओला रुमाल माझ्यापुढं सरकवला आणि मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी मला 'जिए' म्हणायची, म्हणजे आपली ताई. ती म्हणाली, जिए, त्या म्हणतायत की पहिलं पाणी कपांसाठी असतं, कप गरम होतात आणि पान जागं होतं, प्यायचा चहा अजून यायचाय. मी मान हलवली, सॉरी म्हटलं, विषय तिथंच संपला. तिच्यासाठी संपला. माझ्या मनातनं ते जाईना. रात्री हॉटेलात बोटांना टूथपेस्ट लावून पडले तरी तेच, विमानातही तेच.

हात का गेला?

मी कापडातली बाई. मुंबईच्या एका कंपनीसाठी सोर्सिंग करते, आणि चीनमधला मोठा व्यापारमेळा, कँटन फेअर, त्याचा तिसरा टप्पा, तो कपडे-कापडवाला, मेच्या पहिल्या आठवड्यात असतो म्हणून दरवर्षी जमलं तर ग्वांगझौला, म्हणजे जुन्या कँटनला, जाणं होतं. फेअर झाला की दोन दिवस जोंगदाच्या कापड बाजारात पाय तुटेस्तोवर हिंडायचं, सॅम्पलच्या पिशव्या भरायच्या आणि परत यायचं, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. यंदा एक दिवस मोकळा मिळाला. घरी जाताना चांगला चहा न्यावा असं मनात होतं. विमानतळावरचे ते सोनेरी डबे मागं दोनदा आणून झालेत, डबा सुंदर आणि आत गवत. मुलीला म्हटलं, तुमची माणसं चहा घेतात तिथं ने. ती मला फांगचुनला घेऊन गेली.

फांगचुन म्हणजे ग्वांगझौच्या नैऋत्येला पसरलेला चहाचा घाऊक बाजार, चीनमधला सगळ्यात मोठा म्हणतात. आपल्याकडं मार्केट यार्डात गुळाच्या पेठेत शिरल्यावर कपड्यांना वास लागतो ना, तसं इथं होतं, फक्त दर दहा पावलांवर वास बदलतो. एका दुकानातनं कोळशावर भाजलेल्या पानांचा, आपण रवा भाजताना शेवटी शेवटी येतो तसा खरपूस वास. पुढं 'पूअर' नावाच्या चहाच्या चकत्या भिंतीला थप्पी लावून रचलेल्या, कागदात गुंडाळलेली एकेक चकती ३५७ ग्रॅमची आणि सात चकत्यांचा एक गठ्ठा, तिथं बंद पडलेल्या धान्याच्या कोठारात शिरल्यासारखा ओलसर जुना वास. त्याच्या पुढं मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांत मुरवलेला चहा, तिथं तर मला क्षणभर गजरेवाली बाईच आठवली. रस्त्याला पोत्यांचे ढीग, हातगाड्या, शिव्या देत जाणारे हमाल, आणि या सगळ्या गडबडीत प्रत्येक दुकानाच्या आत एक टेबल, त्यावर किटली उकळतीय आणि कोणीतरी कोणालातरी चहा पाजतोय. घाई बाहेर, आत अजिबात नाही.

आम्ही शिरलो ते दुकान लहान होतं. मालकीण माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली, केस वर बांधलेले, हातात हिरवं कडं. दुकानाच्या मालकिणीला तिकडं 'लाओबानन्यांग' म्हणतात, मुलगी तिला तेच म्हणत होती म्हणून मीही तेच म्हणायला लागले. ती मूळची छाओझौची, याच ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्वेकडच्या टोकाची. दाराशी बसलेली आजी तिची सासू. आजीच्या मांडीवर बांबूची गोल परडी, त्यात लांब लांब काळपट पिळलेली पानं, आणि ती काड्या आणि पिवळी पडलेली पानं बोटांनी बाजूला काढत होती. नजर परडीत, तोंड शेजारणीशी चालू. आमच्या वाड्यात दुपारी बायका तांदूळ निवडायच्या ती बैठक डोळ्यांपुढं आली, तसंच पाय दुमडून, तसंच अंगठ्यानं खडा उडवून. मी मुलीला हे सांगितलं, तिनं आजीला सांगितलं, आणि आजी एकदम खुलली. छाओझौच्या बोलीत चहाच्या पानांना 'चहाचे तांदूळ'च म्हणतात म्हणे. भाताइतका लागतो म्हणून.

मी सगळ्यात पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमच्याकडं सगळ्यात भारी चहा कुठला. लाओबानन्यांगनं उलटं विचारलं, घरी कसा पिता? मी सांगितलं, दूध, साखर, आलं, चांगला उकळून. तिनं लक्ष देऊन ऐकलं, आलं किती घालता तेही विचारलं. मग म्हणाली, बसा, आधी प्या, मग भारी कुठला ते तुम्हीच मला सांगा. आणि ते पहिलं पाणी ओतलं, आणि पुढचं ते तुम्हाला सांगितलंच.

दुसरं पाणी कपात आलं. कप म्हणजे आपल्या चांदीच्या नैवेद्याच्या वाटीएवढा, तीन घोटांत संपतो. छाओझौकडं म्हणे माणसं कितीही असोत, कप तीनच मांडतात आणि आळीपाळीनं पितात, आम्ही नेमक्या तिघी होतो. मुलीनं टेबलावर दोन बोटं हलकेच टकटक वाजवली, हे तिकडचं थँक्यू. मीही वाजवली, पोळलेलीच बोटं. चहाचा रंग मधासारखा, दूध नाही, साखर नाही, आणि तोंडात गेल्यावर आधी फूल, मग पिकलेल्या फळासारखं काहीतरी, मग जिभेच्या कडांना जरा तुरट. हे दानत्सोंग. छाओझौजवळच्या फिनिक्स डोंगरावरचा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार. दानत्सोंग म्हणजे एकेकटं झाड, कारण जुन्या चांगल्या झाडांची पानं तिथं झाडागणिक वेगळी खुडून वेगळी करायची रीत होती, प्रत्येकाचा वास निराळा म्हणून. मी प्याले त्याचं नाव 'मी लान श्यांग', मध आणि ऑर्किडचा वास. कोणी वरून वास घातलेला नसतो, पानातूनच येतो, आणि ते मला कितीतरी वेळ पटेना.

दुसऱ्या एका जातीचं नाव तिनं सांगितलं आणि मुलगी लाजली. 'या शी श्यांग'. या म्हणजे बदक, आणि शी म्हणजे, खरंच सांगते, शीच. त्यांच्या आणि आपल्या भाषेत हा शब्द कसा काय जुळला देव जाणे. बदकाच्या शीचा वास! गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याकडं अप्रतिम वासाचं झाड होतं, लोक विचारायचे कुठली जात म्हणून, आणि कलमं चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यानं हे नाव सांगून टाकलं. आपल्याकडं गोंडस पोराचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचे, नजर लागू नये म्हणून, त्यातलाच प्रकार. मला हे फार आवडलं. जे जिवापाड जपायचं त्याला वाईट नाव द्यायचं, हे डोंगरावरच्या माणसालाही सुचतं आणि आमच्या आजीलाही.

तिसऱ्या पाण्याला मी गप्प झाले. तुरटपणा मागं गेला होता, वास आता नाकात नव्हता, घशात उतरला होता, आणि गिळून झाल्यावर थोड्या वेळानं तोंडात आपसूक गोडी यायला लागली. याला त्यांच्याकडं शब्द आहे, हुईगान, परत येणारी गोडी. मुलगी मला इंग्रजीतून समजवायला धडपडत होती आणि मी तिला म्हटलं, थांब, मला कळलंय. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की कसं लागतं. शाळेच्या नळावर आवळा चघळत ओंजळीनं पाणी प्यायलेल्या कुठल्याही पोरीला हुईगान समजवावं लागत नाही. लाओबानन्यांगला 'आवळा' मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवला तर ती म्हणाली, हे तर आमच्याकडं होतं, मीठ लावून खातो. मग तिनं कपाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, जिए, तिसरं-चौथं पाणी नीट प्या, पानाला काय सांगायचंय ते त्यात असतं. पाहुण्याला आम्ही याच पाण्याशी नेतो.

पाहुण्याला याच पाण्याशी. आणि मला आई दिसली.

इचलकरंजीत आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पलीकडच्या भिंतीला लागून कारखाना, रात्रभर माग खटखटायचे, त्या आवाजानं झोप लागायची आणि लाइट जाऊन आवाज थांबला की जाग यायची. वडील मागावर, आई घरी कांड्या भरायची. चहा पावडर पुडीनं यायची, एका वेळी एक पुडी, आणि महिन्याच्या शेवटी अर्धी. पाहुणा आला की आई नवीन आधण ठेवायची, साखर बघून घालायची, पावडर अगदी चमचा घासून घालायची, आणि गाळून कपबशी बाहेर पाठवली की गाळण्यातला चोथा टाकायची नाही. तो परत पातेल्यात, त्यावर पेलाभर पाणी, जरा उकळी, आणि ते दुसरं पाणी ओट्यापाशी उभ्यानं प्यायची. पुष्कळदा दूध नसायचंच. रंग विटलेल्या मांजरपाटासारखा. आम्हा पोरांना वाटायचं, आईचा चहा असाच असतो. कुणाच्या घरी वडिलांची खुर्ची वेगळी असते तसा आईचा चहा वेगळा.

एकदा आत्या आली होती, सांगलीची, बऱ्या घरात दिलेली. बाहेर बसून चहा घेतला, मग कप ठेवायला आत आली, आणि आई नेमकी चोथ्यावर पाणी ओतत होती. आत्या दारातच थांबली. म्हणाली, "काय गं वैनी, चोथ्याचा चहा? आम्ही तर असला जनावराला पण घालत न्हाई." वाईट मनाची नव्हती ती, हसत म्हणाली, आणि ते हसणंच लागलं. आईनं काही न बोलता पातेलं मोरीत पालथं केलं. इतक्या झटक्यात, की गरम पाणी तिच्या पायावर उडालं. मी चौथीत असेन, कोपऱ्यात शाळेचं दप्तर भरत होते. ते पाणी मोरीतनं जाताना मी बघितलंय, फिकट तपकिरी, वर दोन-चार पावडरीचे कण. आणि आत्या गेल्यावर आईनं दुसरा चहा केला नाही, त्या संध्याकाळी ती तशीच कांड्या भरायला बसली.

चाळीस वर्षं झाली असतील. मला वाटलं होतं विसरले.

आता मला कळतं त्या दुसऱ्या पाण्याला चव का नव्हती, आणि त्यात आईचा किंवा पुडीचा काही दोष नव्हता. आपली ती दाणेदार सीटीसी पावडर, १९३०च्या दशकात आसामात हे मशीन निघालं, दातेरी रुळांमधून पान चिरडतात, फाडतात, गोळ्या वळतात. पानाचं अंग आधीच फोडून ठेवलेलं, त्यामुळं उकळतं पाणी लागलं की दोन मिनिटांत रंग, कडकपणा, जे आहे ते सगळं एकदम बाहेर. दूध-साखरेला पुरून उरेल असा चहा हवा असेल तर तो असाच लागतो, आणि अमृततुल्यवर सकाळी उभं राहिलं की मला त्याच्यापुढं दुसरं काही सुचत नाही हेही खरं. पण त्या पावडरीत मागं काही राहत नाही. दानत्सोंगचं पान अख्खं असतं, नुसतं पिळलेलं आणि भाजलेलं. ते हळूहळू सुटतं, थोडं थोडं देतं. लाओबानन्यांगनं वाटीत सात-आठ ग्रॅम पान घातलं होतं आणि आम्ही तिघी त्यावर दोन तास बसलो. सहावं पाणी, सातवं पाणी, प्रत्येक वेळी जरा जास्त वेळ ठेवायचं एवढंच. आईनं जे लपून केलं तेच ही बाई दुकानाच्या मधोमध बसून, गिऱ्हाइकासमोर, मानानं करत होती.

हे डोक्यात आल्यावर मला आधी राग आला. कुणावर ते सांगता येत नाही.

मग खरेदी. तिनं एकाच जातीचे तीन चहा शेजारी शेजारी केले, भाव न सांगता. तीन वाट्या, सारखं पान, सारखं उकळतं पाणी, सारखा वेळ. इथं मात्र मी माझ्या गावात आल्यासारखी झाले, कारण कापड असंच बघतात. वरची बाजू कोणीही छान करतं, उलटी बाजू बघायची, कड ओढून बघायची, धुतल्यावर काय होतं ते बघायचं. तिनंही शेवटी वाटीतली भिजलेली पानं पांढऱ्या ताटलीत उलटी केली आणि म्हणाली, बघा. पहिल्यातली पानं बारीक तुकडे झालेली, कडा करपलेल्या, बोटात धरली तर चिवट. दुसऱ्यातली बरी. तिसऱ्यातलं एकेक पान लांब, अख्खं, मऊ, मधे हिरवट आणि कडेनं गाजरी लाल रेघ, अंगठा आणि बोटात चोळलं तर जुन्या धुवट लुगड्यासारखं. मी पिऊनही तिसरंच सांगितलं होतं. तिनं मुलीकडं बघितलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली, म्हणाली, ह्यांना भाव सांगावा लागणार.

तिसरा होता वरच्या डोंगरातला, हजार मीटरच्या वरचा, जुन्या झाडांचा. २,६०० युआन जिन. जिन म्हणजे अर्धा किलो. पहिला ३०० युआन. भाव करणं हे माझं पोट आहे, मीटरमागं दहा पैशांसाठी मी तासभर बसू शकते, पण तिथं तोंड उघडेना. दोन तास ज्या बाईनं पाजलं तिच्याशी घासाघीस कशी करायची असं वाटलं, आणि त्याच वेळी, न करता पैसे दिले तर मी ठकले असंही वाटलं, दोन्ही एकदम. माझी चलबिचल मुलीच्या लक्षात आली असावी. तिनं विषय बदलायला दा होंग पाओ या नावाजलेल्या चहाची गोष्ट काढली, वूयी डोंगरातल्या कड्यावरची ती सहा मूळ झाडं, त्यांचा २० ग्रॅम चहा २००५ साली लिलावात २ लाख ८ हजार युआनला गेला, पुढच्याच वर्षी खुडणी बंद झाली आणि शेवटच्या खुडणीचा २० ग्रॅम आता बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. काचेत ठेवलेला चहा. मला ऐकून वाईटच वाटलं. चहाला पाणी लागत नाही तोवर तो कसला चहा. लाओबानन्यांग म्हणाली, विकायला लाख गोष्टी आहेत, पण तुम्ही तुमच्या जिभेनं निवडलाय तेवढाच न्या, आणि थोडा न्या. मी दोन लियांग घेतला, म्हणजे शंभर ग्रॅम, ५२० युआन. मधल्या प्रतीचा एक जिन ऑफिससाठी. मोबाईलनं कोड स्कॅन केला, तिनं वर मूठभर 'या शी' चवीला बांधून दिला आणि ती झाकणाची वाटी, गायवान, तिचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी नदीकाठी शामियान बेटावर चक्कर मारली. जुन्या विदेशी कोठ्या, वडाची झाडं, लग्नाचे फोटो काढणारी जोडपी. याच नदीत एकेकाळी मुंबईची जहाजं लागायची. आपला कापूस आणि माळव्याची अफू घेऊन यायची, आणि इंग्रजांना इथून चहा न्यायला त्या अफूचाच पैसा उपयोगी पडायचा. ज्यांच्या नावाचं जेजे हॉस्पिटल आहे त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी याच व्यापारासाठी कँटनच्या वाऱ्या केल्या. चहा हा आपला शब्दसुद्धा इथल्याच बोलीतल्या 'चा'चा नातलग. मी कापडासाठी इतकी वर्षं येतेय आणि आपण इथले किती जुने येणारे-जाणारे आहोत हे कधी मनात आलं नव्हतं. त्या पैशातनं इस्पितळंही उभी राहिली आणि इकडची किती घरं अफूनं बसली, दोन्ही खरंच. पाण्याकडं बघत हिशोब लावायला गेले, लागला नाही.

दुसरा हिशोब मात्र लागला. ५२० युआन म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये. सात ग्रॅमनं चौदा वेळा होईल. एका वेळचे सव्वाचारशे. दहा पाणी काढली तर एका पाण्याचे बेचाळीस-त्रेचाळीस. आई घालायची तसाच हिशोब मी घातला, बोटांच्या पेरांवर, आणि बेचाळीस आल्यावर जरा बरं वाटलं. पहिलं पाणी फेकायचं धरलं तर मात्र बेचाळीस रुपये रोज मोरीत. तेव्हा कळलं हात का गेला ते. सगळं कळलं असं नाही, पण आत्यासमोर मोरीत ओतलेलं ते पाणी मी तेव्हा अडवू शकले नव्हते, आणि हात ते विसरला नव्हता.

जूनमध्ये गावी गेले. आई आता भावाकडं असते, गुडघे गेलेत, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसते. मी ओट्यावर सगळं मांडलं, गायवान, तीन कप नव्हते म्हणून औषधाच्या दोन वाट्या आणि एक काचेचा छोटा ग्लास. किंमत विचारलीच तिनं. मी सहाशे सांगितले, एक शून्य खाल्लं. पहिलं पाणी काढलं आणि फेकवेना, वाटीत बाजूला ठेवलं, तुळशीला घालू म्हणून. मी दुसऱ्या पाण्याचं काय काय सांगत होते, फिनिक्स डोंगर, एकेकटं झाड, आणि वळून बघते तर आईनं ते पहिलं पाणी पिऊन टाकलेलं. "बरा हाय की," म्हणाली, "फुलावानी वास येतोय." मग दुसरं प्यायली, मग तिसरं. तिसऱ्याला डोळे बारीक करून थांबली, जिभेनं टाळू चाखला आणि म्हणाली, "आवळा खाल्ल्यासारखं होतंय." मी तिला आवळ्याचं काही सांगितलं नव्हतं, शपथ.

तेव्हा मी धीर करून विचारलं. आत्या आलती, तू चोथ्यावर पाणी घालत होतीस, पातेलं पालथं केलंस, आठवतं? आईला आत्या आठवत होती, तिची सांगलीची जरीची साडी आठवत होती, पातेलं आठवत नव्हतं. मी म्हटलं, तू आमच्यासाठी वाचवायचीस आणि स्वतः तो फिका चहा प्यायचीस, मला आत्ता आत्ता कळलं. तर म्हणाली, "छ्या. मला कडक चहानं पित्त व्हायचं. फिकाच बरा वाटायचा मला. मी आवडीनं पीत होतो की." एवढं बोलून ती ग्लास पुढं करून बसली. खरं सांगत होती की मला बरं वाटावं म्हणून, मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले आणि मला ओळखता आलं नाही. चाळीस वर्षं मी जे तिचं दुःख म्हणून जपलं ते तिची आवडच असेल तर? आणि नसेल तर ती आत्ताही तेच करतीय, पातेलं पालथं.

पाचव्या पाण्यानंतर मी ताटलीत पानं उलटी केली, दुकानात बघितली तशी. आईनं एक पान बोटानं सरळ केलं, कडेचे बारीक दाते नखानं चाचपले, पालथं करून शिर बघितली. म्हणाली, "हे तर अख्खं पान हाय गं. आणि आपण आयुष्यभर भुगाच प्यायलो." त्यात तक्रार नव्हती, नवल होतं. मग तिनं स्वतःच एकेक पान उचलून परत गायवानात ठेवलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. भावजयीनं आधण ठेवलं, दूध, आलं, साखर, कपबशी बाहेर आली. काकूंना दिला, मला दिला. आईपुढं कप धरला तर ती नको म्हणाली, किटलीतलं गरम पाणी मागून घेतलं आणि तिथंच बाहेर, काकूंच्या समोर, मांडीवर ताटली आणि ताटलीत गायवान घेऊन पाणी ओतलं. झाकण ठेवून जरा थांबली. काकू वाकून बघायला लागल्या, म्हणाल्या, "हे काय वो, नुसतं गरम पाणी पिताय?"

"न्हाई," आई म्हणाली, "सहावं हाय."